मास्तर, त्यांचा किर्गिझस्तान आणि आमचा गडगा

मास्तरांना मी कामावर ठेवलं ते त्यांच्या रशियनसाठी. ते माझ्याकडे राहिले ते माझ्या भिंतीसाठी. रास अल खैमाला माझं टाइल्सचं दुकान होतं, मागे गोदाम, आणि गोदामाची एक लांबलचक भिंत कोरी होती. तिच्यावर नव्या डिझाइनची सँपल्स लावायचा माझा बेत होता. मास्तर मुलाखतीला आले, त्यांनी पगार विचारला नाही, सुट्टी विचारली नाही. भिंतीपाशी गेले, ओल आहे का ते तळव्यानं पाहिलं आणि म्हणाले, "श्रीमान, यह दीवार उत्तम है।" महिन्याभरात टाइल्सच्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून त्यांनी आपला अख्खा देश तिथे चढवला. माझी सँपल्स दाराशी, पायात येतील अशी.

ते नव्वदचं दशक होतं. सोव्हिएट युनियन फुटलं होतं आणि त्याच्या तुकड्यांतले व्यापारी दुबईत उतरून आमच्यापर्यंत टाइल्स शोधत यायचे. मी बारा वर्षं अबुधाबीत दुसऱ्यांच्या व्हिलांतून गुडघ्यावर बसून टाइल्स बसवल्या, तेव्हा कुठे स्वतःचं दुकान झालं. घासाघीस मला चार भाषांत येते. पण हे नवे गिऱ्हाईक गप्प बसत. भाव सांगितला की नुसते बघत राहत. गप्प माणसाशी घासाघीस कशी करायची? म्हणून मास्तर.

मास्तर किर्गिझस्तानातल्या ओश शहराचे. जन्मभर सरकारी नकाशे काढले, कचेरी बंद पडली तशी कुणा व्यापाऱ्याचे दुभाषे म्हणून इकडे आले. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच टोपी. रास अल खैमाच्या जुलैमध्येसुद्धा. "मास्तर, डोकं शिजेल," मी म्हणायचो. ते म्हणायचे, टोपी थंडी आत येऊ देत नाही तशी उष्णताही येऊ देत नाही. घामाच्या धारा मात्र टोपीचं ऐकत नसत. हिंदी त्यांनी ताश्कंदला शिकताना उचलली होती, कारण संध्याकाळच्या वर्गांपैकी हिंदीच्या वर्गाचीच खोली गरम असायची. त्यामुळे ते पुस्तकातलं बोलत आणि मी मुंबईच्या नाक्यावरचं. मी "क्या रे, माल भरा क्या?" म्हणालो की ते "जी श्रीमान, सामग्री लद चुकी है" म्हणत. गोदामातले पोरगे पोटं धरून हसायचे. पुढचं त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगतो, नाहीतर मलाच हसू येईल.

कुठलीही जागा किती लांब, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. "कुठल्या रस्त्यानं? कुठल्या महिन्यात? आणि फाटकावर कोण उभा आहे?" एवढं कळल्याशिवाय ते आकडा सांगत नसत. दुकानापासून मशिदीशेजारची टपरी किती लांब, यालाही ते असंच उत्तर देत. चहा थंड होई.

एकदा त्यांच्याच मुलखातला गिऱ्हाईक आला. त्याला बातकेनला, म्हणजे त्यांच्या देशाच्या दक्षिणेच्या टोकाला, दोन कंटेनर टाइल्स हव्या होत्या. मी म्हणालो, "पंचवीस दिवसांत दारात पोच, इन्शाल्ला." मास्तरांनी भाषांतर केलंच नाही. उठले, गिऱ्हाइकाला भिंतीपाशी घेऊन गेले आणि पेन्सिलीनं रस्ता दाखवू लागले. ओशहून बातकेनला जाणारा रस्ता मध्येच उझबेकिस्तानात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. पूर्वी कुणाला पत्ता नसायचा, कारण सगळं एकच राज्य. आता प्रत्येक फाटकावर खोकं उघडणार, आणि उघडलेल्या खोक्यातली टाइल शाबूत राहत नाही. गिऱ्हाइकानं टोपी काढून मास्तरांना नमस्कार केला आणि निघून गेला.

"मास्तर! तुम्ही माझे नोकर आहात की त्याचे?"

"श्रीमान, रस्ता मी बनवला नाही."

"पण तोंड तर तुमचं होतं ना!"

तो गिऱ्हाईक पुढे कधी तरी मास्तरांचं मोल ओळखून परत आला, असं मला लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. तो आला नाही. त्यानं अजमानहून गालिचे घेतले. गालिचा फुटत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर त्या भिंतीवरून काठी फिरवत आणि मला देश शिकवत. मला संगमेश्वर तालुक्याच्या पलीकडचा भूगोल शाळेत कधी समजला नाही, पण फरगाना खोऱ्यातलं गावन् गाव आज मी झोपेत सांगेन. तिथे सोख म्हणून एक भाग आहे. चहूबाजूंनी किर्गिझस्तान, मालकी उझबेकिस्तानची आणि राहणारी माणसं ताजिक. "हे कुणी केलं?" मी विचारलं. "टेबलावर बसलेल्या माणसांनी," मास्तर म्हणाले. "समजा श्रीमान, तुम्ही सकाळी उठलात आणि रत्नागिरी नि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये पासपोर्ट लागायला लागला. रेष कालचीच. फक्त काल ती कागदावर होती."

पाण्याचं प्रकरण त्याहून वाईट. उंच डोंगर, बर्फाच्या नद्या, मोठं धरण हे सगळं मास्तरांच्या देशाकडे. कापूस शेजारच्या उझबेकिस्तानकडे. शेजाऱ्याला पाणी उन्हाळ्यात हवं, यांना ते हिवाळ्यात सोडायला हवं, कारण थंडीत वीज हवी. एक मालक होता तेव्हा शेजारी हिवाळ्यात गॅस पाठवायचा, हे उन्हाळ्यात पाणी पाठवायचे. आता तो गॅस बंद करतो, मग हे थंडीत धरण सोडतात, आणि त्याची शेतं भर हिवाळ्यात पाण्याखाली जातात. वर एका दरीत युरेनियमच्या खाणींचा गाळ नदीकाठी नुसता ओतून ठेवलेला. दरड आली की तो खालच्या देशात. "गाळाला पासपोर्ट लागत नाही," मास्तर म्हणत आणि डबा उघडत.

माझ्या मुलीच्या शाळेचा ॲटलास एकदा त्यांच्या हाती लागला. त्यात अरल समुद्र जुन्या आकाराचा, भरपूर निळा छापलेला. मास्तरांनी अख्खी दुपार दाढीच्या ब्लेडनं तो समुद्र खरवडला. नद्यांचं पाणी कापसाला वळवल्यावर उरला होता तेवढाच निळा रंग त्यांनी ठेवला, आणि कोरड्या तळावर पेन्सिलीनं तीन बोटी काढल्या, आडव्या पडलेल्या. शाळेनं मला बोलावून घेतलं. पुस्तक लायब्ररीचं होतं. मी मुलीला विचारलं, तू गप्प का बसलीस? ती म्हणाली, "बट बाबा, द सी इज रिअली नॉट देअर." माझं घरच त्यांनी फितवलं होतं. बायको तर त्यांना शुक्रवारी जेवायला बोलवून आमटीत गूळ जास्त घालायची, त्यांना आवडतो म्हणून.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. गावाला आमच्या पोफळीच्या बागेला वरच्या पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाटानं येतं. बागेच्या कडेला गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. अलीकडे मी, पलीकडे माझा चुलतभाऊ, भाई. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं तेव्हा पाटाचं तोंड गडग्याच्या अलीकडे होतं. कैक वर्षांनी लीव्हवर गेलो तर गडगा अठरा हात सरकलेला आणि पाटाचं तोंड पलीकडे. माझ्या पोफळी वाळायला लागल्या होत्या. काका वारले होते, म्हणून भाईला विचारलं. तो म्हणाला, "बाबांनी काही हलवलं नाही." मी कानफटात मारली. त्याच्या, भर अंगणात, काकूसमोर. ज्या काकूनं माझी आई गेल्यावर मला वाढवलं तिच्यासमोर. भाई फुजैराला बंदरावर टाक्यांच्या कामावर फोरमन होता, माझ्यापासून दीड तासावर. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आमच्या वतीनं तालुक्याचे दोन वकील बोलत.

माझ्या वकिलाचं पत्र आलं की पूर्वीचा गडगा दाखवणारा एखादा व्यवस्थित नकाशा द्या, जुन्या मोजणीत ती बाजू स्पष्ट नाही. मला हर्ष झाला. जन्मभर सरकारच्या सीमा काढलेला माणूस माझ्या पगारावर! मी मास्तरांना कागद दिला, खुणा सांगितल्या, म्हणालो, छान शाईनं काढा.

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दुसरी बाजू कुठे आहे?"

"कसली दुसरी बाजू?"

"एका बाजूनं सांगितला तो अर्ज. नकाशा नव्हे." त्यांच्याकडे रीत अशी होती म्हणे: दोन्ही गावांचे म्हातारे एकत्र बसून चहा घेणार, मग एकत्र रेषेवरून चालणार, आणि मोजणारा मागून. दोघं जिथे थांबतील तिथे दगड.

"माझ्यात आणि त्याच्यात चहा होणार नाही," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मास्तर कामावर आले आणि टोपी खुंटीला लावता लावता म्हणाले, "काल फुजैराला आपल्या बंधूंना भेटून आलो. चहात आलं घालतात. उत्तम."

मी हातातली टाइल फेकली. सँपलची होती, पण इटालियन. "आजपासून खलास! हिसाब घ्या आणि जा!" मास्तरांनी तुकडे गोळा केले, कचऱ्यात टाकले आणि जाऊन फोन घेतला, कारण मॉस्कोहून कुणी तरी बोलत होतं. त्यांना काढून टाकणं मला कधी जमलंच नाही. ते कामात होते.

दोन आठवड्यांनी ते म्हणाले, "श्रीमान, नहवामध्ये एक माणूस तुमची वाट बघणार आहे. काम मोठं आहे." मी गिऱ्हाईक समजलो. गिऱ्हाईक, असं ते म्हणाले नव्हते. मास्तर खोटं बोलत नसत, हीच त्यांची लबाडी.

शुक्रवारी सकाळी गाडी काढली. मसाफीवरून डोंगर ओलांडून पूर्वेच्या किनाऱ्याला लागलो. खोरफक्कनच्या अलीकडे डोंगरात वळलं की मधहा लागतं. हा भाग ओमानचा, पण चारी बाजूंनी अमिरात. त्या मधहाच्या पोटात आणखी आत गेलं की नहवा. ते पुन्हा अमिरातीचं, शारजाचं. मी या बाजूला चार वेळा माल टाकला होता आणि मला कधी कळलंही नव्हतं की आपण परदेशात जाऊन आलो.

मास्तरांना कळलं होतं. ओमानचा झेंडा दिसल्याबरोबर त्यांनी गाडी थांबवायला लावली, पासपोर्ट काढला आणि उतरले. रस्त्यावर फाटक नव्हतं. शिपाई नव्हता. एक शेळी होती. मास्तर पासपोर्ट हातात धरून दोन मिनिटं उभे राहिले, मग रेष असेल असं वाटलं तिथून पलीकडे गेले, परत आले, परत गेले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

"मास्तर, यल्ला. ऊन वाढतंय."

"एक देश, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात पुन्हा पहिला," ते म्हणाले. "आणि शेळी विचारत नाही." त्या महिन्यात त्यांच्या बहिणीचं पत्र आलं होतं. तिच्या गावाजवळच्या सीमेवर सुरुंग पेरले होते आणि तिची गाय परत आली नव्हती. हे मला त्यांनी तिथे, रस्त्यात उभं राहून सांगितलं. महिनाभर माझ्यासमोर डबा खात होते आणि बोलले नव्हते.

नहवाला खजुरीच्या बागेशी एक म्हातारा अरब बसला होता. शेजारून पाण्याचा पाट वाहत होता, दगडांनी बांधलेला, अगदी आमच्याकडच्यासारखा. त्याला हे लोक फलज म्हणतात. मास्तरांनी म्हाताऱ्याला सलाम करून विचारलं, हे पाणी कुठल्या देशाचं? म्हातारा आपल्या तिकडच्या हिंदीत म्हणाला, "पानी का बारी किसका, वो पूछो. मुल्क काय को पूछता?" आणि त्यानं सतरंजी सरकवून जागा केली.

सतरंजीवर भाई बसला होता.

मी वळलो. मास्तरांनी गाडीची किल्ली आधीच खिशात टाकली होती. म्हाताऱ्यानं कहव्याचे पेले पुढे केले. पाहुणा म्हणून बसलो नसतो तर त्याचा अपमान झाला असता. भाईचे केस पिकले होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाड झालायस."

"तुझ्या पाण्यावर नाही झालो," मी म्हणालो.

मास्तरांनी पुठ्ठा पसरला. ते आम्हाला गडग्याबद्दल काहीच विचारेनात. जांभळ कुठे? आंघोळीचा सपाट दगड कुठे? कुत्रं पुरलं ती जागा? आम्ही दोघं वेगवेगळी बोटं ठेवायचो आणि ती एकाच जागी पडायची. "तो दगड जांभळीच्या खाली," मी म्हणालो. "खालीच," भाई म्हणाला, "तू त्यावरून पडलास नि दात पाडलास." मास्तर मान हलवत काढत होते. मग त्यांनी पऱ्ह्या विचारला, आणि आमची बोटं पहिल्यांदा लांब पडली. अठरा हात.

"पऱ्ह्या इथे," मी म्हणालो.

"तो तुझ्या वेळी," भाई म्हणाला. "तू गेलास त्याच्या पुढच्या पावसात दरड आली. गडगा वाहून गेला, पऱ्ह्यानं वाट बदलली. बाबांनी नवा गडगा पऱ्ह्याच्या काठानं घातला. पूर्वी काठानंच होता ना?"

"मला कुणी कळवलं?"

"पत्र टाकलं होतं. तू तेव्हा कुठल्या कॅम्पात होतास, देवाला माहीत."

मला पत्र मिळालं नव्हतं. पण मी हे तिथे कबूल केलं नाही. मी म्हणालो, "पऱ्ह्या सरकला म्हणून जमीन सरकते काय?" भाई म्हणाला, "आणि जमीन तुझी म्हणून पाणी चढावर जातं काय?"

मास्तर म्हणाले, "तुमच्या दोघांचे नकाशे बरोबर आहेत. साल वेगळं आहे. आमच्याकडेही हेच. एक देश जुना नकाशा आणतो, दुसरा नवा." आणि त्यांनी पुठ्ठा आमच्यासमोर ठेवला. झाड, दगड, दोन्ही पऱ्हे, दोन्ही बागा, सगळं सुरेख. मधला अठरा हातांचा पट्टा कोरा. त्यात बारीक अक्षरांत, 'इस भाग का वर्णन नहीं हुआ।'

माझं डोकं फिरलं. "मास्तर, मी नकाशा मागितला होता, भोक नाही! एक रेष ओढायला तुमचं काय जातं? जन्मभर तेच केलंत ना?"

"तेच केलं," मास्तर म्हणाले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तरुणपणी ते एका सीमा मोजणाऱ्या तुकडीत होते. दोन्ही गावांचे म्हातारे चालत होते. शेवटचे तीन किलोमीटर राहिले आणि पाऊस लागला. सगळे तंबूत गेले. साहेब म्हणाले, उरलेलं पट्टीनं पूर्ण कर, इथे कोण बघतंय, एकच तर देश आहे. मास्तरांनी पट्टी लावली. "ते तीन किलोमीटर मी पाहिलेले नाहीत, श्रीमान. माझी बहीण आता तिथे राहते. विहीर पट्टीच्या पलीकडे गेली."

म्हाताऱ्यानं कहवा पुन्हा ओतला.

परतताना किल्ली माझ्या हातात देत मास्तर म्हणाले की ते संध्याकाळपर्यंत इथेच थांबणार, मागून टॅक्सीनं येतील. भाई ज्या ट्रकवाल्याबरोबर आला होता तो निघून गेला होता. म्हणजे भाईला मलाच सोडावं लागणार. किनाऱ्याचा रस्ता लागला. मग भाई म्हणाला, "पट्टा कोरा ठेवला तर पाणी कोण घेणार?"

"मी."

"आठ दिवसांत किती दिवस?"

मी वळून पाहिलं. सात वर्षांत मी त्याला शिव्या घातल्या होत्या, नोटिसा घातल्या होत्या, पण भाव कधी विचारला नव्हता. "सहा," मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "एक." फुजैरा आलं तरी आमचं मिटेना, म्हणून मी त्याच्या कॅम्पावरून गाडी पुढे काढली आणि आम्ही थेट मसाफीपर्यंत गेलो. तिथल्या टपरीवर आल्याचा चहा घेत तीन दिवसांवर सौदा पटला. दोन घोट झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो पहिल्यापासून तीनच द्यायच्या तयारीनं आला होता. मग मला त्याला चाळीस मिनिटं परत मागे सोडायला जावं लागलं. पेट्रोल माझं.

वकिलानं तो पुठ्ठा कोर्टात चालणार नाही असं कळवलं. दावा आम्ही दोघांनी एकाच दिवशी काढून घेतला.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराला मास्तर परत गेले. दोन्ही सरकारांनी पुन्हा सीमा पाहायला माणसं गोळा केली होती आणि जुने, त्या रेषेवरून चाललेले लोक कमी उरले होते. मी पगार वाढवून दिला, ओरडलो, दोन दिवस बोललो नाही. ते हसले आणि गेले. त्यांचं एकच पत्र आलं, पुस्तकी हिंदीतलं. दोन किलोमीटर चालून झाले आहेत, दोन्ही गावांचे वृद्ध सोबत होते, चहा झाला. तिसऱ्या किलोमीटरमध्ये सुरुंग आहेत. ते काढले जाण्याची प्रतीक्षा करीत आहे. पुढे पत्र नाही. मी तीन वेळा लिहिलं. ओशकडून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचो, भाव सांगायच्या आधी.

माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. त्यांनी त्या दिवशी एक साधी रेष ओढली असती, तर आठही दिवस पाणी माझं झालं असतं, असं मी अजून बायकोला ऐकवतो. ती म्हणते, "हो. आणि भाई कुणाचे झाले असते?"